ॲसिडिटीच्या आडची बाटली

दवाखान्यात एखादा पुरुष आला आणि त्याचे हात थरथरत असले, की डॉक्टर हमखास विचारतो, "घेता का?" बाई आली आणि तिचे हात थरथरत असले, की थायरॉइडची तपासणी लिहून दिली जाते. थायरॉइड तपासावेच. पण तो दुसरा प्रश्न बाईला विचारायचाच नाही, असा जणू आपल्याकडे संकेत आहे. विचारणाऱ्याला संकोच आणि उत्तर देणारीला लाज! त्यामुळे स्त्रियांमधील मद्यपान आमच्यापुढे नेहमी दुसरेच नाव घेऊन येते. कधी ॲसिडिटी, कधी निद्रानाश, कधी सकाळची मळमळ आणि धडधड.

हे शहरातल्या फॅशनेबल बायकांचे खूळ आहे, असे काही वाचक म्हणतील. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे १.३ टक्के मद्य घेतात असे आढळले. त्यात ग्रामीण स्त्रियांचे प्रमाण शहरी स्त्रियांपेक्षा अधिक होते. आकडा लहान दिसतो खरा. पण दारात आलेल्या पाहुण्या बाईला कोणती सून "हो, मी घेते" असे सांगणार?

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पस्तिशीच्या बाई, एका वित्तसंस्थेच्या शाखेत कर्जवसुलीचे काम. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षभर चालू होत्या. रात्री तीनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागत नसे. रक्तदाब १५०/९६. यजमानांना बाहेर बसायला सांगून सरळ विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग बोलू लागल्या.

शाखेत बाकी सगळे पुरुष. मीटिंगमध्ये चहाचे कप यांनीच फिरवायचे, हुद्दा बरोबरीचा असला तरी. वसुली कमी झाली तर "बाईमाणूस, हिला कोण भीक घालतो", आणि जास्त झाली तर "गोड बोलून काढली असेल". वरिष्ठांचा रात्री साडेदहाला फोन. काम दोन मिनिटांचे, बाकी नको त्या गप्पा. कार्यालयात स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृह नाही, म्हणून दिवसभर पाणी पिणे टाळायचे. तिमाही संपली की साहेबांची पार्टी. गेले नाही तर "मिसळत नाही" असा शेरा. तिथेच पहिला ग्लास हातात आला. पुढे तो घरी आला, सगळे झोपल्यावर, शीतपेयात मिसळलेली व्होडका, कारण तिला वास येत नाही असा समज. आधी शनिवारी, मग रोज. वर्षाच्या आत मजल क्वार्टरपर्यंत गेली.

"डॉक्टर, तेवढाच मेंदू शांत होतो हो," असे त्या म्हणाल्या. हे अगदी खोटे नाही, म्हणून तर माणूस फसतो. मद्य मेंदूला पहिले काही तास गुंगी आणते. ते उतरू लागले की दाबलेला मेंदू उसळी घेतो. पहाटे तीनची जाग, घाम, धडधड आणि सकाळची विनाकारण भीती ही त्या उसळीचीच लक्षणे होत. बाईंना वाटे, उद्या ऑफिसला जायचे म्हणून ही भीती. त्यात अर्धी भीती आदल्या रात्रीच्या ग्लासातली होती आणि ती घालवायला संध्याकाळी पुन्हा ग्लास.

दुसरी गोष्ट स्त्रीच्या शरीराची. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते, आणि जठरात मद्याचे विघटन करणारे पाचकद्रव्यही साधारणपणे कमी. म्हणून नवरा-बायकोने एकाच वजनाचे असून सारखेच घेतले तरी तिच्या रक्तात मद्य जास्त चढते. यकृताची हानी तिला कमी मद्याने आणि कमी वर्षांत होते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर रोजच्या एका पेगनेही थोडा वाढतो. गरोदरपणात एक थेंबही नको.

"मी दारू नाही घेत, फक्त बीअर" असे सांगणाऱ्यांसाठी थोडे गणित. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग!

आपले कुठवर आले आहे हे ओळखायला चार प्रश्न जगभर वापरले जातात. कमी करायला हवे असे कधी वाटले का? कोणी टोकले तर राग येतो का? घेतल्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा म्हणून घ्यावी लागते का? दोन उत्तरे "हो" असली तर डॉक्टरांकडे जा, आणि चौथे एकटे "हो" असले तर आजच जा.

मात्र रोज भरपूर घेणाऱ्या व्यक्तीने देवाची शपथ घेऊन एका दिवसात बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि यात प्राणही जातात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. अशक्तपणा म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची आपल्या भागात मोठी हौस आहे. ब-१ जीवनसत्त्व न देता असे ग्लुकोज चढवणे या रुग्णांच्या मेंदूला धोक्याचे ठरू शकते. आणि दारूवर झोपेची गोळी घेणे म्हणजे श्वासाशी खेळणे होय.

या बाईंना आठवडाभर दाखल केले, औषधे दिली, समुपदेशन झाले. पण ऑफिस तेच राहिले असते तर औषधाने काय केले असते? "तुम्ही मन खंबीर करा" हा सल्ला मला पसंत नाही. सहन करण्याची ताकद वाढवून द्यायची आणि साहेबाला मोकळे सोडायचे, हा उपचार नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. नकोसे शेरे आणि अश्लील बोलणे हेही त्यात येते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

बाईंनी लेखी तक्रार दिली. रात्रीचे फोन थांबले. चहाचे कप मात्र अजून त्यांच्याच हातात आहेत, असे परवा हसत सांगत होत्या. मध्यंतरी दिवाळीत एकदा पाय घसरला, दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन सांगून गेल्या.

घरच्यांसाठी एवढेच, की बाटली सापडली तर माहेरी फोन लावून बोभाटा करू नका. नवरा पितो तेव्हा "टेन्शन असेल" म्हणता ना? दारू सोडण्यासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. नाव न सांगताही बोलता येते. तक्रार करायची असल्यास शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. तोवर मोबाईलमधले ते संदेश पुसू नका.