संचलनाचे बूट आणि मैदानातील पाय

पोषाख हा व्याख्यानाचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खेळाडूने खेळावे, त्याने अंगात काय घातले आणि पायांत काय घातले, याच्याशी आपणांस काय कर्तव्य? तथापि ऑलिंपिकच्या उद्घाटनाचे संचलन ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या हे ध्यानात आले असेल की, तेथे खेळाडू व्यक्ती म्हणून चालत नाही, देश म्हणून चालतो. राष्ट्रवार पथकांचे हे संचलन १९०८ साली लंडन येथे झाले आणि पुढे ती रीतच पडली. खेळाचा पोषाख अंगाच्या सोयीने ठरतो. समारंभाचा पोषाख मात्र, जगाने आपणांस कसे पाहावे, या इच्छेने ठरतो.

१९३६ साली बर्लिनच्या संचलनात ध्यानचंद यांनी आपल्या पथकाचा ध्वज धरला होता. पथकाच्या डोक्यावर फिकट निळे फेटे होते. फेटा आपला, ध्वज मात्र परक्या सत्तेने दिलेला. हॉकीच्या अंतिम सामन्यापूर्वी खेळाडूंनी आपल्या खोलीत तिरंग्याला वंदन केले आणि मैदानात उतरून जर्मनीवर ८-१ अशी मात केली. तो दिवस होता १५ ऑगस्ट! देशाला जे उघडपणे मिरविता येत नव्हते, ते खेळाडूंनी मनात मिरविले.

पुढे १९४८ साली लंडन येथे स्वतंत्र भारताचे पथक प्रथमच चालले. ध्वज होता फुटबॉल संघाचे नायक, नागा तरुण तालिमेरेन आओ यांच्या हाती. दोनच दिवसांनी हा संघ फ्रान्सविरुद्ध उतरला, तेव्हा बहुतेकांचे पाय अनवाणी होते. याला केवळ दारिद्र्य म्हणणे बरोबर नव्हे. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीला हरविले तेही बहुतांशी अनवाणी पायांनीच. ती आपल्याकडची सवय होती. फ्रान्सशी २-१ असा निसटता पराभव झाला. पण १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरविले, तेव्हा डोळे उघडले आणि बूट सक्तीचे झाले. १९५६ साली मेलबर्नला बूट घातलेला आपला संघ चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळचे गोव्याचे.

हेलसिंकीचीच दुसरी हकिकत आपल्या मातीतील आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेथे जाऊ शकले ते लोकांनी काढलेल्या वर्गणीवर. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक त्यांनी आणले आणि गावाने त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली. मिरवणूक आधी नव्हती, नंतर आली, हे आम्हांस विशेष वाटते.

अलीकडे वाद होतो तो साडीचा. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी महिला खेळाडूंना साडीऐवजी पँट व ब्लेझर देण्यात आले; चालण्यास सोयीचे, हे त्याचे कारण. २०२४ साली पॅरिसला साडी परत आली. त्या वेळी पथके सेन नदीतून नावांत बसून गेली, त्यामुळे चालण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही साडीवरील इकत विणलेले नसून छापलेले आहे, म्हणून टीका झाली. आमच्या मते ती टीका रास्त होती. ज्या देशात इकत विणणारे हात आहेत, त्याने जगापुढे त्याची नक्कल का नेसावी?

समारंभाचा गणवेश हे एक वचन आहे. ‘हा आमचा माणूस’, असे देश त्यातून जगाला सांगतो. परंतु असे सांगण्याचा अधिकार, त्या माणसाला सरावाचे मैदान, पोटभर अन्न आणि पायांत योग्य जोडे वेळेवर देऊनच मिळवावा लागतो. पुढच्या वेळी संचलन पाहताना फेट्याचे, साडीचे कौतुक अवश्य करावे. पण दृष्टी थोडी खाली, त्या पायांकडेही न्यावी. ते येथवर कोणाच्या बळावर चालत आले, हे स्वतःला विचारावे.