खारं पाणी जास्त तापलं तर…
हीटरचा थर्मोस्टॅट अडकून बादलीत कालवलेलं खारं पाणी ४० अंशांवर गेलं, तर ते तसंच रीफ टाकीत ओतू नका. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचं नेमकं उलट. ते बाहेर पडतं, पाणी दुधाळ होतं आणि हीटरच्या नळीवर पांढरी, खरखरीत पुटं चढतात. पंप चालू ठेवून पाणी २५-२६ अंशांवर येऊ द्या. जेवढं उडालं तेवढं आरओचं पाणी घाला, मगच खारेपणा मोजा; ३५ पीपीटी हवा. खरी परीक्षा अल्कलिनिटीची. ती नेहमीच्या मिश्रणापेक्षा बरीच घसरली असेल, तर मीठ कितीही महाग असो, पाणी फेकूनच द्यावं. प्रवाळाचा सांगाडा याच कार्बोनेटवर उभा राहतो.