घोड्याला शिकविणारा हात

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ इब्रामपूर हे गाव आहे. तेथून डिचोली फार लांब नाही. शिगम्याच्या दिवसांत डिचोली आणि सत्तरी या भागांत घोडेमोडणी होते. बांबूच्या सांगाड्याला घोड्याचे तोंड बसवून, त्यावर रंगीत कापड चढवून केलेला घोडा नर्तक कंबरेला बांधतो. डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, एका हातात लगाम आणि दुसऱ्यात नंगी तलवार अशा थाटात तो ढोलताशांच्या तालावर पुढेमागे होत नाचतो. या खेळात एक मौज आहे. वरचे अर्धे अंग स्वाराचे, पाय घोड्याचे; पण शरीर मात्र एकच. त्यामुळे स्वाराच्या मनात येताच घोडा वळतो. खऱ्या घोड्यावर बसणाऱ्याला ही एकरूपता साधण्यासाठी सारे आयुष्य खर्ची घालावे लागते. कारण तेथे शरीरे दोन असतात, मने दोन असतात आणि त्यांना समान अशी बोली नसते.

घोडा हा मुळात कोरड्या, मोकळ्या, गवताळ मुलुखाचा प्राणी. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याची पैदास चांगली होत नाही. म्हणूनच मध्ययुगात अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून जहाजे भरभरून घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून दख्खनच्या राजधान्यांकडे जात. १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत ठेवला. १५४७ मध्ये विजयनगरशी त्यांनी जो तह केला, त्यातही घोड्यांच्या विक्रीचे कलम होते. ज्याच्या पागेत घोडे, त्याच्या हाती मुलूख, असा तो काळ होता.

परंतु विकत घेतलेला घोडा राखणे हे घेण्यापेक्षा अवघड असते. पावसाळ्यात तबेल्याची जमीन ओली राहिली की खुराच्या तळाचा मऊ, त्रिकोणी भाग कुजू लागतो व त्याला दुर्गंधी येते. रक्त पिणाऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रोग पसरतो आणि धट्टाकट्टा घोडाही झिजत जातो. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी करता येत नाही. त्यामुळे एका वेळी भरपूर चंदी घालणारा मालक दयाळू नसतो. तो पोटशुळाला आमंत्रण देत असतो. थोडे थोडे व पुष्कळदा खाणे, वैरण भरपूर आणि दाणा बेताचा, रोज खुरांची सफाई आणि रोज खरारा, ही अश्वविद्येची पहिली पायरी होय. खरारा करणारा हात अंगावरून फिरतो तेव्हा सूज कोठे आहे, ऊब कोठे आहे, तंगाखाली कातडे कोठे सोलले आहे, हे त्याला खोगीर चढविण्यापूर्वीच कळते. खोगिराखालची जखम न पाहता स्वार झालेल्या माणसाला मग घोडा ‘खोडकर’ वाटू लागतो.

मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची भाकरीच गेली. त्यामुळे आपल्या जनावराला तो जिवापाड जपे; किंबहुना घोडा धोक्यात घालण्यास तो कचरतो, असा दोषही या पद्धतीला लावला गेला. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली काटक भीमथडी तट्टे याच परंपरेतील असून अलीकडे त्या जातीची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंदणीही झाली आहे. कोऱ्या घोड्याला शिकवून तयार करणाऱ्यास चाबुकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी ज्याला तो क्वचितच वापरावा लागे, तोच खरा जाणता.

असे का, हे समजण्यासाठी घोड्याचा स्वभाव पाहावयास हवा. घोडा हा शिकार करणारा प्राणी नव्हे, शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ चोहोकडचे दिसते; मात्र कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग त्याला दिसत नाही. मागून मुकाट्याने जवळ जाणाऱ्यास लाथ बसते ती रागाने नव्हे, भीतीने. म्हणून अनुभवी माणूस आधी आवाज देतो, खांद्याच्या बाजूने जातो आणि पहिला हात मानेवर ठेवतो. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते. एकदा बसलेली भीती पुढे वर्षानुवर्षे त्याच्या अंगात राहते. तापट शिक्षकाने एका सकाळी केलेले नुकसान भरून काढावयास शांत शिक्षकाला कित्येक महिने लागतात.

शिकविण्याचे मर्म आणखी सूक्ष्म आहे. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेथील कातडे थरथरते. इतकी त्याची त्वचा हळवी असते. स्वाराने टाचेने बरगडीवर किंचित दाब दिला की घोडा गोंधळतो, काही करून पाहतो आणि अखेर एक पाऊल पुढे टाकतो. त्याच क्षणी दाब सुटला पाहिजे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. सुटका वेळेवर झाली तर पुढच्या खेपेस निम्म्या दाबाने काम होते आणि काही दिवसांनी नुसत्या इशाऱ्याने. पाऊल उचलल्यावरही टाच टोचतच राहिली, तर आज्ञा पाळली काय अन् न पाळली काय, त्रास तोच, असा धडा तो घेतो. असा घोडा पुढे अडेल ठरतो. पण त्याला अडेलपणा शिकविलेला असतो तो माणसानेच.

लगामाचेही तसेच आहे. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये जी मोकळी हिरडी असते, तिच्यावर लगामाची कडी टेकते. तेथे हाडावर कातड्याचे पातळ आवरण तेवढे असते. सतत ओढणाऱ्या हाताखाली ही जागा बधिर होते आणि घोडा तोंडाचा जड होतो. मग मालक अधिक कठोर लगाम आणतो. कोणी तर काटेरी लगाम घालतो. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला आणि ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी १९६५ मध्ये केलेल्या नियमांनी काटेरी लगामास मनाई केली. तरीही तो कोठे कोठे दिसतो, आणि जेथे दिसतो तेथे शिकविणाऱ्याचा हात कमी पडला आहे, असे खुशाल समजावे.

उतावळेपणा हा दुसरा शत्रू. शिंगरू तीन वर्षांचे झाले की अंगापिंडाने पुरे वाढलेले दिसते. परंतु त्याच्या कण्याची वाढ पाचसहा वर्षांपर्यंत चालू असते. म्हणून लवकर जड स्वार बसविलेला घोडा ऐन उमेदीत पाठीने अधू होतो. शिवाय स्वाराची मांड कच्ची असेल, तर त्याचे ओझे दुप्पट जाणवते. कारण पाठीवर हिंदकळणाऱ्या वजनाचा तोल सावरण्यातच घोड्याची शक्ती खर्च होते. म्हणून जाणते गुरू शिष्याला प्रथम रिकिबीवाचून बसवितात. तोल मांडीत आला, की हात लगामाला लोंबकळत नाहीत.

हे शहाणपण आजकालचे नव्हे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमारास मितन्नी राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाची शिकवण मातीच्या विटांवर कोरून ठेवली गेली. त्या विटा आजच्या तुर्कस्तानात सापडल्या. रथाच्या घोड्यांचा दम क्रमाक्रमाने कसा वाढवावा, हे त्यांत सांगितले आहे आणि फेऱ्यांसाठी आलेले ‘ऐकवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ हे शब्द मराठी माणसाला अर्थ न सांगताही कळावेत असे आहेत. पुढे ग्रीसमध्ये झेनोफोन या सेनानीने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. बळजबरीने करवून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, हे त्याचे प्रतिपादन आजही प्रमाण मानले जाते.

घोडा माणसाला किती वाचतो, याचा पुरावा जर्मनीत मिळाला. बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ हा घोडा गणिते सोडवितो आणि उत्तराइतके खूर आपटतो, अशी त्याची ख्याती होती. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट या संशोधकाने उलगडा केला. घोड्याला गणित येत नव्हते. योग्य आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या मानेत व चेहऱ्यावर नकळत सूक्ष्म हालचाल होई आणि तिच्यावरून तो थांबे. मालकाची लबाडी नव्हती. त्यालाही हे ठाऊक नव्हते. जो प्राणी न हललेल्यासारखी मान टिपतो, त्याच्यापासून स्वाराने आपली धास्ती किंवा चीड लपविण्याची आशा धरू नये. घोड्याला शांत करावयाचे असेल, तर प्रथम स्वतः शांत व्हावे लागते.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात आणि खंडोबाच्या यात्रेत माळेगावात घोड्यांचे मोठे बाजार भरतात. तेथे वरातीसाठी नाचणाऱ्या घोड्यांना चांगला भाव येतो. येथे गिऱ्हाइकाची कसोटी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या चौघांनी, त्यांत मुंबईचा हृदय छेडा हाही होता, ‘ड्रेसाज’ या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतर अश्वारोहणातील भारताचे हे पहिले सुवर्ण. ड्रेसाजमध्येही घोडा तालात पावले टाकतो. पण तेथे स्वाराची आज्ञा जितकी अदृश्य, तितके गुण अधिक. उलट चाबकाच्या धाकाने आणि तोंडातल्या काट्याने नाचविलेला घोडा बघ्यांना नाचताना दिसला, तरी प्रत्यक्षात तो वेदनेपासून पळत असतो. बांधलेला असल्यामुळे त्याला पळता येत नाही, इतकेच.

दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. नाच संपल्यावर घोड्याच्या ओठांचे कोपरे पाहावेत, तेथे वण आहेत काय. जीभ निळसर किंवा कापलेली आहे काय. धन्याने हात उचलताच तो मान झटकतो काय. गिऱ्हाईक जोवर नुसता नाच पाहून पैसे मोजील, तोवर काटेरी लगामालाही गिऱ्हाईक राहील. तोंड पाहून मोजू लागले, तर शिकविणाऱ्यालाही आपला हात सुधारावा लागेल. उमद्या घोड्याची खूण त्याच्या चालीत जितकी, तितकीच तबेल्यात असते. माणूस आत आला असता घोडा कान टवकारून त्याच्याकडे वळतो, की भिंतीकडे सरकतो, एवढ्यावरून शिकविणाऱ्याची सारी विद्या कळून येते.