मनाचा वैद्य घरबसल्या कसा निवडावा?

मुलीचे स्थळ पाहावयाचे झाले तर आपल्या घरांतून केवढी चौकशी होते! घराणे कोणते, शिक्षण किती, माणसे कशी, शेजारी काय म्हणतात, हे सारे पाहिल्यावाचून वडीलमंडळी पुढे पाऊल टाकीत नाहीत. दागिना घडवावयाचा तरी सराफाची पेढी किती पिढ्यांची हे आपण विचारतो. परंतु घरातील एखाद्याचे मन आजारी पडले, तर हीच चोखंदळ माणसे दोहोंपैकी एक चूक करतात. एक तर ते दुखणे कोणास दाखवीतच नाहीत. किंवा दाखविलेच तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जी पहिली जाहिरात दिसेल तिच्या हवाली करून मोकळी होतात. पडद्यावरून होणारा, म्हणजे ज्यास आज सर्वत्र ‘ऑनलाइन’ म्हणतात तो मानसोपचार आता घरोघरी येऊ लागला आहे. तो कोणाकडून घ्यावा, कसा पारखावा आणि केव्हा घेऊ नये, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ह्या सोयीचे महत्त्व निराळे सांगावयास नकोच. अहिल्यानगर जिल्हा (2024 पर्यंतचे नाव अहमदनगर, आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी अद्याप नुसते ‘नगर’) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. जामखेडहून पाऊणशेच्या आसपास. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात चारच: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, त्यांतील एकही आपल्या जिल्ह्यात नाही. लोणी आणि विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळे बरीच सोय झाली आहे, हे खरे. तरीपण दर आठवड्यास एक तासाच्या बोलण्यासाठी सारा दिवस आणि एसटीचा प्रवास खर्ची घालणे किती जणांस शक्य आहे? देशातील बारा राज्यांत 2015-16 साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले की, प्रौढ माणसांपैकी शेकडा दहांहून अधिक जणांस कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यांपैकी बहुतेकांस कसलाच उपचार मिळत नव्हता.

दुरून उपचार ही कल्पना पुष्कळांस नवी आणि म्हणून संशयास्पद वाटते. वस्तुतः ती तशी नाही. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने 1909 साली पाच वर्षांच्या एका मुलाच्या भीतीची जी प्रसिद्ध हकीकत छापली, तीत उपचार मुख्यतः मुलाच्या वडिलांच्या हातून, फ्रॉइडच्या मार्गदर्शनाने झाला होता. त्या काळात मुलाशी त्याची प्रत्यक्ष गाठ एकदाच पडली. आपल्याकडे र. धों. कर्वे ह्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, तेव्हा जे प्रश्न घरात कोणासही विचारता येत नसत ते वाचक पत्रांतून विचारीत आणि त्यांस छापील उत्तरे मिळत. समोर न बसणाऱ्या माणसापाशी मन मोकळे करणे कित्येकदा सोपे जाते, हा अनुभव मराठी वाचकांस जुना आहे.

आता कल्पनेने एक घर डोळ्यांपुढे आणू या. गाव संगमनेर. घरात आजेसासूबाईंपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत नऊ माणसे. सूनबाई बाळंत होऊन तीन महिने झाले आहेत; बाळ झोपले तरी तिला झोप नाही, अन्नावर वासना नाही, आणि भांडी आवरताना डोळे आपोआप भरून येतात. सासूबाई मायेच्या आहेत. त्या म्हणतात, “अगं, सोन्यासारखं मूल आहे, सगळं भरलेलं आहे, मग रडायला काय झालं?” ह्या प्रश्नाला सूनबाईंपाशी उत्तर नसते, आणि उत्तर नाही म्हणून तिला अपराधी वाटते, म्हणून ती आणखी गप्प होते. बाळंतपणानंतर येणारी ही विषण्णता हा सर्वत्र आढळणारा आणि उपचाराने बरा होणारा विकार आहे. तो ना नखरा, ना कृतघ्नपणा, ना माहेरच्या वळणाचा दोष. नणंदेने एके दिवशी पडद्यावर शोध घेतला, तो शेकडो नावे आली. ह्यांतून निवडावे कसे?

पहिली गोष्ट, कोण काय करतो हे समजून घ्यावे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेऊन पुढे मनोविकारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो मानसिक चाचण्या घेतो आणि बोलण्याच्या पद्धतशीर मार्गाने उपचार करतो. 1992 च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव असावे लागते. तिसरा समुपदेशक. संसारातील ताण, परीक्षेची धास्ती, प्रियजनांचा वियोग अशा प्रसंगी त्याची मोठी मदत होते. परंतु ह्या नावाची पाटी अल्पशा शिकवणीवरही लावली गेलेली दिसते, म्हणून येथे चौकशी अधिक हवी. झोप आणि भूक उडाली असेल, कामे थांबली असतील, तर आरंभ मनोविकारतज्ज्ञापासून करावा. पुढे बोलण्याच्या उपचारासाठी दुसऱ्याकडे जाणे सोपे असते.

दुसरी गोष्ट, नोंदणी क्रमांक विचारावा. ह्यात संकोच कसला? दूरवैद्यकासंबंधी केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये जे नियम घालून दिले, त्यांप्रमाणे डॉक्टराने आपला नोंदणी क्रमांक रुग्णास दिसेल असा ठेवावयाचाच असतो. काही निवडक औषधे दुरून लिहून देण्यास ह्याच नियमांनी मनाई केली आहे. तेव्हा एखादा डॉक्टर “ह्या औषधासाठी प्रत्यक्ष यावे लागेल” असे म्हणाला, तर त्यास अडवणूक न समजता सचोटीची खूण समजावी. उलट, “दहा बैठकांत हमखास गुण” असे वचन देणारा, साऱ्या बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा, किंवा दुसऱ्या रुग्णांच्या हकीकती नावानिशी सांगणारा कितीही गोड बोलला तरी त्यास दुरूनच नमस्कार करावा. जो दुसऱ्याचे गुपित आपल्यापाशी सांगतो, तो आपले दुसऱ्यापाशी सांगणार नाही कशावरून?

तिसरी गोष्ट भाषेची. आणि ती वाटते त्याहून मोठी आहे. आपली मुले इंग्रजीत शिकली, नोकऱ्याही इंग्रजीत करतात; म्हणून इंग्रजी बोलणारा तज्ज्ञ चालेल असे आपण धरून चालतो. पण ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात धस्स होते’, ‘घर खायला उठते’ ह्यांस इंग्रजी प्रतिशब्द शोधीत बसलेल्या माणसाचे निम्मे दुःख सांगावयाचे राहून जाते. शिवाय ‘धाकट्या जाऊबाईंनी असे म्हटले’ ह्या एका वाक्यात काय काय साठलेले आहे, हे एकत्र कुटुंब ठाऊक असलेल्यालाच चटकन उमगेल. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दाम्पत्याने 1970 साली जामखेड येथे आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हा गावोगावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका केले. आणि त्या कामाची कीर्ती जगभर झाली. त्या यशाचे एक मर्म असे की, सांगणारीची भाषा आणि ऐकणारीची भाषा एकच होती. पदवी हवीच, पण पदवीला आपली बोली कळली पाहिजे.

चौथी गोष्ट, पहिली भेट ही परीक्षेची समजावी, आणि परीक्षा उभयपक्षी असते. पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत: आपण शिक्षण कोठे घेतले? अशा प्रकारचे रुग्ण पूर्वी पाहिले आहेत काय? आपली पद्धत काय, आणि सुमारे किती बैठकांनी बदल दिसावा? शुल्क किती आणि भेट चुकल्यास काय? आपण टिपणे ठेवता ती कोण पाहतो? मध्यरात्री जीव फार घाबरला तर मी काय करावे? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याच्यापाशी जाऊ नये. एक बैठक बहुधा पाऊण तासाची असते. तेवढ्या वेळात त्याने उपदेशच अधिक केला की आपले ऐकून घेतले, हे पाहावे. नेवाशास, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, ज्या गीतेवर ज्ञानदेवांनी 1290 साली भाष्य सांगितले, तिचा आरंभ अर्जुनाच्या विषादानेच होतो. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण कौरवांकडे पाहावयास सांगण्यापलीकडे काही बोलत नाहीत; अर्जुन खचून खाली बसेपर्यंत त्यास बोलू देतात. उपदेश मागून येतो. चांगल्या उपचारकाची खूण ह्याहून वेगळी काय असणार? तीन-चार भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल, तर तसे त्यासच सांगावे आणि दुसरा शोधावा. ह्यात कोणाचा अपमान नाही. चांगला उपचारक स्वतःच दुसरे नाव सुचवितो.

कित्येक तरुण मुले हल्ली माणसाऐवजी यंत्राशीच बोलू लागली आहेत. 1966 साली अमेरिकेतील वाइझेनबाउम नावाच्या शास्त्रज्ञाने रुग्णाचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारणारा ‘एलायझा’ नावाचा एक संगणकीय खेळ केला, तेव्हा लोक त्या यंत्रापाशी आपली दुःखे सांगू लागलेले पाहून तो स्वतः चकित झाला. आजची यंत्रे त्याहून फार हुशार आहेत. माहिती मिळविण्यास ती उपयोगीही पडतात. परंतु ज्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही, त्याच्या हाती आजारी मन सोपवू नये.

आता ऑनलाइन उपचार केव्हा पुरेसा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जीव देण्याचे बोलणे, नसलेले आवाज ऐकू येणे, दिवसेंदिवस झोप नसूनही अंगात विलक्षण जोर येणे, दारू सोडताना अंग थरथरणे, बाळंतिणीच्या मनात स्वतःस वा बाळास इजा करण्याचे विचार येणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर पडदा मिटावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी किंवा केवळ वाट विचारण्यासाठीही ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी-सेवा उपलब्ध आहे. ती 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. क्रमांक 14416, दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून.

राहता राहिली सर्वांत अवघड गोष्ट, ती म्हणजे घरातील एकांत. नऊ माणसांच्या घरात सूनबाईंनी बोलावे कोठे? दार लावले तर “एवढे काय गुपित?”; न लावले तर मनातले ओठांवर येत नाही. म्हणून वडीलमंडळींस नम्र विनंती अशी की, आठवड्यातून एक तास माडीवरची एक खोली तिला द्यावी, बाळ आपण सांभाळावे, आणि बाहेर आल्यावर “काय काय बोललीस?” असे विचारू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे, आणि मानसिक आजारासही शारीरिक आजाराप्रमाणे विम्याचे संरक्षण द्यावे असे सांगितले आहे. पण कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंतच येतो. आतला हक्क सासूबाईंनीच द्यावयाचा असतो.

“लोक काय म्हणतील, धाकटीचे लग्न कसे जमेल?” ही भीती आम्ही जाणतो. परंतु दुसरी बाजूही पाहावी. नगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे ह्यांनी रस्त्यावर निराधार सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘माउली’ ही संस्था चालविली आहे. तेथे आसऱ्यास आलेली प्रत्येक स्त्री कोणाची तरी लेक आहे. दुखणे लपविल्याने ते नाहीसे होत नाही. ते आत वाढते, आणि एखादे दिवशी घराची मर्यादा सोडून बाहेर पडते.

संगमनेरच्या त्या घरात काय घडले, हे लिहिणे आमच्या हाती नाही. कारण ते घर कल्पनेतले आहे. मात्र तशी घरे आपल्या आळीतही असतील, कदाचित आपलेच एक असेल. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातील जे माणूस अलीकडे फार गप्प झाले आहे, त्याच्याजवळ दोन घटका बसावे आणि काही न सुचविता त्याचे ऐकावे. वैद्याचा शोध उद्या सकाळी घेता येईल. आणि तो दोघांनी मिळून घ्यावा.