क्रँकचा एंड प्ले

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर जुन्या ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनासाठी पिस्टन-रिंगा घेताना थ्रस्ट वॉशर विसरू नका. क्रँक पुढे-मागे किती सरकतो, म्हणजेच त्याचा एंड प्ले किती, हे त्यांच्यावरच ठरतं. मेन बेअरिंगच्या कॅप कसल्या की डायल गेज क्रँकच्या टोकाला टेकवा. क्रँक एका बाजूला रेटून काटा शून्यावर आणा, मग दुसऱ्या बाजूला रेटा. आकडा मॅन्युअलपेक्षा जास्त आला तर ओव्हरसाइझ वॉशर घाला. तेलाच्या खाचा क्रँकच्या अंगालाच हव्यात. उलटा बसलेला वॉशर तेलाविना घासून जातो. फोक्सवॅगनच्या जुन्या एअर-कूल्ड व्हॅनमध्ये हेच काम फ्लायव्हीलमागचे तीन शिम करतात, तिथे ०.०७ ते ०.१३ मिमी प्ले ठेवतात. चालू गाडीत क्लच दाबताच क्रँकची पुली पुढे सरकताना दिसली, तर वॉशर झिजलेत असं समजा आणि इंजिन लगेच उघडा.