शिडाच्या नौकेवरील संसार

उरणजवळच्या मोरा बंदरात लाँच केव्हा लागेल, हे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक ठरते. मोठ्या उधाणाच्या दिवसांत येथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरच्याही वर जातो. पाणी उतरले की धक्क्यालगतचा गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या उतारूंना पाण्याची वाट पाहत बसावे लागते. एकेकाळी पनवेलचा पेटा असलेल्या उरणच्या या टोकावरून एका बाजूस घारापुरी, दुसरीकडे मुंबई शहराचा पूर्व किनारा आणि नैर्ऋत्येस खुल्या समुद्राकडे उघडणारे बंदराचे मुख अशी जलवाट पसरलेली आहे. १९ ऑगस्ट २००९ रोजी याच मुखातून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन एकटेच बाहेर पडले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. एकट्याने ही प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत.

अशा सफरींची वर्णने प्रसिद्ध होतात, तेव्हा वादळे, उंच लाटा आणि केप हॉर्नचे भूशिर यांवर भर असतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु महासागर ओलांडणारी नौका हे प्रथम एक घर असते. त्या घरात पाणी किती आहे, अन्न कसे ठेवले आहे, झोप कोणी आणि केव्हा घ्यायची, मोडलेली वस्तू कशाने दुरुस्त करायची, या प्रश्नांची उत्तरे नांगर उचलण्यापूर्वीच तयार असावी लागतात. भर समुद्रात ती शोधावयास सवड नसते, आणि दुकान तर नसतेच.

आपल्या किनाऱ्याला हे नवे नाही. शिडाचे मचवे, पडाव आणि फत्तेमाऱ्या ज्या काळी चालत, त्या काळी उरणच्या मिठागरांतील मीठ मचव्यांतूनच मुंबईकडे जात असे. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा यांचा मेळ भरती-ओहोटीशी घालून तांडेल निघण्याची वेळ ठरवी. लांबच्या व्यापारावर जाणाऱ्या गलबतांचे खलाशी तर वर्षातील सात-आठ महिने गलबतावरच राहत. स्वयंपाक तेथेच, झोप मालाच्या राशीवर आणि गोडे पाणी पिंपात. आगोट लागण्यापूर्वी गलबत किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. इंजिन आले, रस्ते झाले आणि मालवाहू शिडे मावळली. त्यांच्याबरोबर गलबतावरील संसाराची विद्याही बहुतांशी लोपली. ती लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मोऱ्याच्या समोरच्याच काठावर, मुंबईत, या विषयाच्या जागतिक इतिहासातील एक नौका तयार झाली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्याने मुंबईच्या कुलाबा वर्कशॉपमध्ये सागवानी लाकडाची एक नौका बांधवून घेतली. तिची लांबी सुमारे ३२ फूट. येथील सुतारांनी तासणीसारख्या हातहत्यारांनी तिचे बरेचसे काम केले. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली आणि आग्नेयेकडील वाऱ्याचे अरबी नाव घेऊन ‘सुहेली’ झाली. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फालमथहून निघून, कोणत्याही बंदरास न लागता, २२ एप्रिल १९६९ रोजी ती तेथेच परतली. थांब्याविना एकट्याने केलेली ही जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते आणि पूर्ण केली ती एकट्या ‘सुहेली’ने.

या सफरीतील प्रसंग तयारीच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अटलांटिक महासागरात असतानाच नौकेच्या तळाकडील फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी समुद्रात बुडी मारून सांध्यांत कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच शार्क मासा आल्यामुळे काम थांबवावे लागले, ते निराळेच. पुढे दक्षिण महासागरात वादळाने नौका आडवी झाली आणि टाक्यांतील गोडे पाणी खराब झाले. तेथून पुढे त्यांना मुख्यतः पावसाच्या पाण्यावर निभवावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या सुमारास सुकाणू आपोआप धरून ठेवणारी योजना मोडली. रेडिओवरून संदेश पाठविणेही बंद पडले. तरीही नौका चालली, कारण कापूस, कॅनव्हास, खिळे आणि पत्रा या साध्या वस्तू तिच्यावर होत्या आणि त्या वापरण्याचे ज्ञान माणसाजवळ होते.

‘म्हादेई’ची कथा याच धाग्याने पुढे जाते. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर साताऱ्यातील फलटणजवळ विंचुर्णी येथे राहत असत. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा त्यांचा ध्यास होता. त्यांचे निधन ४ नोव्हेंबर २०१८ रोजी झाले. तत्पूर्वी ‘सागर परिक्रमा’ या नावाने तो ध्यास प्रत्यक्षात आलेला त्यांनी पाहिला. २००६ मध्ये दोंदे या कामास पुढे आले. ते इंग्लंडमध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले आणि दुसऱ्या एका शर्यतीसाठी चाललेल्या त्यांच्या नौकेच्या तयारीत हाताखाली राबले. त्यानंतर गोव्यात जुन्या गोव्यासमोरील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची नौका आकारास येऊ लागली. आराखडा नेदरलँड्सचा. देवदार जातीच्या लाकडाच्या पट्ट्या जोडून, त्यांवर काचतंतू व इपॉक्सी यांचे थर देऊन सांगाडा घडविण्यात आला. दांडेकरांनी अशी नौका पूर्वी बांधलेली नव्हती आणि दोंदे यांनी अशी नौका एकट्याने महासागरात नेलेली नव्हती. बांधणी चालू असता दोंदे तेथे हजर राहिले, त्यामुळे नळ, तार, खिळा कोठून कोठे जातो हे त्यांना आतून समजले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौका नौदलात दाखल झाली आणि ऑगस्टमध्ये निघाली. मधल्या सहा महिन्यांत ती चाचणीसाठी मॉरिशसपर्यंत जाऊन आली.

ऑगस्ट हा मुहूर्त का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. आपल्याकडे पावसाळा संपण्यापूर्वी निघाल्यास दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, दक्षिण महासागर ओलांडता येतो. त्या वेळी तेथील वादळांचा जोर तुलनेने कमी व दिवस मोठा असतो. प्रदक्षिणेची किमान लांबी २१,६०० सागरी मैल धरतात, तिचे गणितही वर्गात सांगण्याजोगे आहे. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०. विषुववृत्तावरील एका कलेची लांबी म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. एक सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो.

आता घराकडे वळू. पहिला प्रश्न पाण्याचा. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर दोन माणसांना ४० दिवसांस २४० लिटर लागतात. वारा पडल्यास प्रवास लांबतो, म्हणून यात निम्म्याइतकी भर घालणे शहाणपणाचे. हा आकडा काल्पनिक नाही. ‘तारिणी’ ही नौदलाची दुसरी नौका गोव्याहून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथे २०१७ मध्ये ४३ दिवसांनी आणि २०२४ मध्ये ३८ दिवसांनी पोचली. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारी यंत्रे आता मिळतात, परंतु यंत्र बंद पडणार असे धरूनच साठा करावयाचा असतो. सगळे पाणी एकाच टाकीत ठेवू नये, हा ‘सुहेली’चा धडा आहे. अंघोळ व भांडी समुद्राच्या पाण्याने, शेवटी गोड्या पाण्याचा एखादा तांब्या. मीठ कपड्यांत राहिले तर ते हवेतील ओल ओढून घेतात आणि कधीच पुरते वाळत नाहीत.

अन्नाच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावरील गृहिणीस फारसे शिकवावे लागणार नाही. आगोटीची बेगमी हीच तर विद्या आहे. तांदूळ, डाळी, पापड, कोकम, चिंच, सुके बोंबील, सोडे, जवळा यांवर चार महिने घर चालविण्याचा हिशेब कोकणात घरोघर होत असे. नौकेवर त्यात काही बाबींची भर पडते. कागदी खोकी आत आणू नयेत, त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात. डब्यांवरील कागदी चिठ्ठ्या ओलीने सुटतात, म्हणून डब्यावर रंगाने क्रमांक घालून वहीत नोंद ठेवावी, नाही तर वाटाणे की अननस हे डबा फोडल्यावरच समजते. कांदे, बटाटे हवेशीर जाळीत टांगावे. निघाल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस समुद्र लागण्याचे असतात. त्या दिवसांपुरते अन्न बंदरातच शिजवून घ्यावे. स्वयंपाकाची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते, त्यामुळे नौका कलली तरी भांडे सपाट राहते. गॅस मात्र फार सांभाळावा लागतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाल्यास वर जात नाही, तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. काम संपताच टाकीपाशीच तो बंद करण्याची सवय लावून घ्यावी लागते.

झोप हा सर्वांत अवघड भाग. दोघे असल्यास पाळ्या लावता येतात. एकटा असेल त्यास तुकड्यातुकड्यांनी झोपावे लागते. जहाजांच्या वाटेजवळ तर वीस-वीस मिनिटांनी उठून क्षितिज पाहावे लागते. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे स्वयंसुकाणू आणि जवळ आलेल्या जहाजाची सूचना देणारी उपकरणे आता मदतीस आहेत. तरीही रात्री डेकवर जाताना कमरेचा पट्टा दोरीने नौकेशी अडकविणे चुकत नाही. पडलेल्या माणसास परत उचलणारे तेथे कोणी नसते. आणि प्रत्येक वस्तूस ठराविक जागा. हे शिस्तीचे प्रदर्शन नव्हे, अंधारात, नौका कललेली असताना, पाना हातास लागला पाहिजे म्हणून.

इतकी तयारी करूनही मोडतोड टळत नाही. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’तून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी प्रदक्षिणा पुरी करून गोव्यास परतल्या. केप टाउन सोडल्यावर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना एप्रिलमध्ये मॉरिशसला थांबावे लागले. त्यापूर्वी ‘म्हादेई’तूनच १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात थांब्याविना प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय अभिलाष टॉमी हे २०१८ मध्ये ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ नौकेतून पुन्हा निघाले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटून डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. संकटसंदेश पाठविण्याचे साधन हाताशी होते, म्हणून हे घडू शकले. २०२२-२३ मध्ये तेच टॉमी त्याच प्रकारच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाने आले. दिलना के. व रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात ‘तारिणी’तून दोघींनीच प्रदक्षिणा केली.

या यादीत नौदल आणि, १९८५ ते १९८७ मध्ये ‘तृष्णा’ नौका नेणारे सैन्याचे अभियंते यांचीच नावे प्रामुख्याने येतात. शिडाच्या सफरीस लागणारा खर्च व रजा सामान्य माणसास झेपत नाही, हे खरे. परंतु ज्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या तांडेल दिले, तेथील मुलामुलींना शिडाची छोटी होडी हाकण्याची संधीही क्वचितच मिळते, ही उणीव ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर समूहांत मोरा हा एक समूह आहे. त्यातील गावांच्या ग्रामपंचायतींस आणि शाळांस दोन गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील. पहिली, लांबच्या मासेमारीस निघणाऱ्या प्रत्येक बोटीसाठी निघण्यापूर्वीची तपासणी. जीवरक्षक जाकिटे माणसांइतकी आहेत काय, गोडे पाणी दोन ठिकाणी ठेवले आहे काय, पाणी उपसण्याचा पंप चालतो काय, संकटसंदेशाचे यंत्र चालू करता येणारे किमान दोघे बोटीवर आहेत काय, याची नोंद एका पानावर मावते.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. ज्यांनी शिडाच्या मचव्यावर वा गलबतावर काम केले, अशी माणसे आता उतारवयात आहेत. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांस त्यांच्याकडे पाठवावे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. शिडाच्या प्रत्येक दोरास काय म्हणत? मोऱ्याहून मुंबईस कोणत्या पाण्यावर निघत आणि वारा पडल्यास काय करीत? पिंपातील पाणी किती दिवस पुरवीत? चूल कोठे मांडीत, आणि नाव डोलत असता भात कसा शिजवीत?