इथेनॉलसाठी ऊस की मका? हिशेब एकरावर नको, पाण्यावर करा

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. ते ऊस, मका, तांदूळ यांपासून बनतं. त्यामुळे ‘इंधनाचं पीक’ म्हणून रानात काय लावावं, हा प्रश्न गावोगावी निघतो. पिकांचा ढोबळ हिशेब असा :

ऊस : एका टनापासून साधारण ७० लिटर इथेनॉल. एकरी ४० टन धरले तर २८०० लिटर. आकडा मोठा, पण पीक १२ ते १८ महिने रानात उभं राहतं आणि उन्हाळाभर पाणी मागतं.

मका : टनाला सुमारे ३८० लिटर. एकरी २५ क्विंटल निघाला तर ९५० लिटर. मात्र चार महिन्यांत रान मोकळं होतं, आणि खरिपात बरंचसं पाणी पावसाचंच. एक एकर उसाला लागणाऱ्या पाण्यात साधारण चार एकर मका निघतो. म्हणजे तेवढ्याच पाण्यात ३८०० लिटर!

गोड ज्वारी : ताटात रस, कणसात दाणे, चोथा जनावरांना. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ हा वाणही काढला. अडचण एकच. तोडलेली ताटं लगेच गाळली नाहीत तर साखर घटते. जवळ गाळपाची सोय नसेल तर या भरवशावर राहू नये.

मोगली एरंड म्हणजे जट्रोफा : याच्या बियांपासून बायोडिझेल होतं. २००३ नंतर ‘पडीक जमिनीवर येतं’ म्हणून याचा मोठा गाजावाजा झाला. झाड जगतं खरं, पण पाणी-खताशिवाय बी फारसं धरत नाही. बी विषारी, त्यामुळे पेंडही तशीच जनावरांना घालता येत नाही.

भावाचं काय?

उसाला एफआरपी देणं कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये आहे, पण व्यापाऱ्याला तो बंधनकारक नाही. सरकारी केंद्रावर घालायचा तर ओलावा १४ टक्क्यांच्या आत लागतो. वाळवायला जागा नसेल तर तिथेच मार बसतो.

धोरणही बदलतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले होते.

म्हणून ज्याची विहीर मार्चमध्येच तळ गाठते, त्याने इथेनॉलच्या नावाखाली ऊस वाढवू नये. मका लावायचा तर पेरणीआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात : वाळवणीची जागा आणि जवळचं खरेदी केंद्र.